थिजलेल्या मेणातून नक्षी

"मला चित्र काढता येत नाही. मग कापडासाठी नवी नक्षी मी कशी तयार करणार?"

कापडाची आवड असणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. नक्षी आधी डोक्यात येते, मग हात ती कागदावर उतरवतो आणि शेवटी ती कापडावर जाते, अशी समजूत त्यामागे असते. पुष्कळ नक्ष्या खरोखरच अशा जन्मल्या. पण दुसराही एक रस्ता आहे. एखादा पदार्थ हाताळायचा, तो कसा वागतो ते पाहायचे, त्या वागण्याचे जे ठसे उरतात त्यांतून निवड करायची आणि निवडलेला तुकडा कापडाच्या शिस्तीत बसवायचा. इथे रेघ ओढणाऱ्या हातापेक्षा निवडणाऱ्या डोळ्याची कसोटी लागते, आणि असा डोळा सरावाने तयार होतो.

१. नक्षी काढायची की शोधायची?

1951 साली ब्रिटनमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' हा मोठा राष्ट्रीय सोहळा झाला. त्या निमित्ताने काही कापडे, गालिचे, वॉलपेपर आणि चिनी मातीची भांडी बाजारात आली. त्यांवरच्या नक्ष्या कोणा चित्रकाराच्या मनातून निघालेल्या नव्हत्या. इन्सुलिन, हिमोग्लोबिन, बोरिक ॲसिड अशा पदार्थांच्या स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास करताना शास्त्रज्ञांनी जे आलेख काढले होते, तेच या नक्ष्यांचे मूळ. हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंना हे आलेख पाहताना त्यांत कापड दिसले आणि त्यांनी ती कल्पना लावून धरली. प्रयोगशाळेतले कागद तेच होते. बदलली ती त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी.

आपल्याकडे 1956 पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. हातमागासाठी नव्या नक्ष्या तयार करायला तिथे चित्रकारांना नेमले गेले. प्रभाकर बरवे आधी वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या केंद्रात काम करत होते. पान, शिंपला, घड्याळ अशा साध्या वस्तूंचे आकार सुटे करून पाहणारा हा चित्रकार पोटापाण्यासाठी कापडाच्या जगात वावरत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आकार त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून कोऱ्या भुईवर ठेवला की तो वेगळा बोलू लागतो, हे त्यांच्या चित्रांत जसे दिसते तसेच कापडालाही लागू पडते.

या प्रकरणात आपण दोनच साधने घेणार आहोत: मेण आणि टेबलावरचा साधा स्कॅनर.

२. मेणच का?

चिकणमाती हाताने दाबू तोच आकार घेते. रंग ब्रश जाईल तिकडे जातो. मेण मात्र अर्धे आपले ऐकते आणि अर्धे स्वतःच्या मनाने वागते. याची कारणे त्याच्या गुणधर्मांत आहेत.

मेणबत्तीचे मेण म्हणजे पॅराफिन. ते खनिज तेलापासून मिळते आणि प्रकारानुसार साधारण 46 ते 68 अंश सेल्सिअसला वितळते. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे उकळत्या पाण्याच्या खूप खाली मेण पातळ होते आणि खोलीच्या तापमानाला घट्ट असते. वाहणे आणि थिजणे यांच्यामध्ये त्याला फार थोडा अवकाश मिळतो. त्या अवकाशात जी हालचाल चालू असेल ती तशीच जागेवर गोठते.

दुसरे म्हणजे थिजताना मेण आकसते. पॅराफिनचे आकारमान द्रवाचे घन होताना सुमारे 10 ते 15 टक्क्यांनी कमी होते. म्हणून ओतलेल्या मेणाच्या मध्यभागी खळगा पडतो, पृष्ठभागावर सुरकुत्या येतात आणि पातळ थराला तडे जातात. यातले आपण काहीच कोरलेले नसते.

तिसरा गुण स्कॅनरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. मेण पूर्ण पारदर्शक नाही आणि पूर्ण अपारदर्शकही नाही. प्रकाश त्याच्या आत थोडा शिरतो, विखुरतो आणि बाहेर येतो. पातळ कड उजळते, जाड भाग मंद दिसतो. एकाच रंगाच्या मेणात जाडीच्या फरकाने कितीतरी छटा तयार होतात.

वितळवण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मेणाचे भांडे थेट शेगडीवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे छोटे भांडे ठेवा. पाण्यामुळे तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. पॅराफिन 200 अंशांच्या आसपास तापले तर त्याची वाफ पेट घेऊ शकते. तसे झालेच तर गॅस बंद करून झाकण घालायचे. पाणी कधीही ओतायचे नाही. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण सगळीकडे उडते. उरलेले मेण मोरीत ओतू नये, कारण ते पाइपात जाऊन थिजते.

३. मेणाशी चार खेळ

पहिला खेळ पाण्याचा. बादलीत गार पाणी घ्या आणि वितळलेले मेण त्यात ओता. मेणाची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी असल्याने ते वर तरंगू पाहते. उंचावरून जोरात ओतले तर ते आधी खोल जाते आणि वर येता येता थिजते. त्यातून पापुद्रे, नळ्या, पाकळ्यांसारखे पंख तयार होतात. हळू ओतले तर पृष्ठभागावरच पसरट तुकडा मिळतो. जर्मनीत नववर्षाच्या आदल्या रात्री वितळलेले शिसे पाण्यात ओतून त्याच्या आकारावरून भविष्य सांगण्याची प्रथा होती. शिशाचा विषारीपणा लक्षात घेऊन 2018 पासून युरोपात ते संच बंद झाले आणि लोक त्याऐवजी मेण वापरू लागले. आपल्याला भविष्य पाहायचे नाही, पण आकार वाचण्याची ती सवय नक्षीकाराला उपयोगी आहे.

दुसरा खेळ बर्फाचा. पसरट डब्यात बर्फाचे खडे भरा आणि वरून मेण ओता. मेण खड्यांच्या फटींतून वाहत थिजते आणि बर्फ वितळून गेला की भोकाभोकांची जाळी उरते. खडे मोठे असतील तर जाळी विरळ, कुटलेला बर्फ असेल तर दाट. लेसच्या किंवा कटवर्कच्या कापडासाठी याहून चांगले मूळ शोधून सापडणार नाही.

तिसरा खेळ माझा सर्वांत आवडता आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. गुळगुळीत, चकचकीत कार्डपेपर घ्या. वाफेची भोके नसलेली जुनी इस्त्री सर्वांत कमी तापमानावर ठेवा. (ती पुन्हा कपड्यांना वापरायची नाही.) तिच्या तळाला रंगीत मेणखडू घासा, मेणखडूतही मुख्यतः पॅराफिन आणि रंगद्रव्यच असते. इस्त्री कार्डावर टेकवा आणि न सरकवता सरळ वर उचला. कार्डावर पानाच्या शिरांसारखी, प्रवाळासारखी फांद्या फुटलेली रचना उमटते. हातात कोणतेही कौशल्य नसलेल्या माणसालाही ती पहिल्या प्रयत्नात मिळते.

हे कसे होते? इस्त्री उचलली जाताना तिच्या आणि कार्डाच्या मधली फट वाढते. तिथे मेण आहे, आणि कडेने हवा आत शिरू पाहते. हवा मेणापेक्षा फार पातळ. एखाद्या जागी ती योगायोगाने जराशी पुढे गेली, की त्या जागी पुढे ढकलायला मेण कमी उरते, अडथळा कमी होतो, आणि तीच जागा आणखी वेगाने पुढे सरकते. मागे राहिलेल्या जागा मागेच राहतात. पुढे गेलेल्या शाखेला पुन्हा फाटे फुटतात आणि शाखांच्या मध्ये अडकलेले मेण शिरांच्या रूपात उभे राहते. फिलिप सॅफमन आणि जॉफ्री टेलर या दोन शास्त्रज्ञांनी 1958 साली या वागण्याचे गणित मांडले. जाड द्रवात पातळ द्रव किंवा वायू ढकलला की असे फाटे फुटतात, हा त्याचा मथितार्थ. तेलविहिरीत तेल बाहेर काढण्यासाठी पाणी ढकलतात तेव्हाही हेच घडते. आपल्या दृष्टीने कामाची गोष्ट अशी की ही रचना हाती ठेवता येते. मेणाचा थर जाड ठेवला तर फांद्या जाड आणि थोड्या येतात, पातळ ठेवला तर बारीक आणि दाट. इस्त्री एका कडेने उचलली तर सगळ्या फांद्या एकाच दिशेला झुकतात.

चौथा खेळ तड्यांचा. पॅराफिनचा पातळ थर कागदावर पसरा, फ्रिजमध्ये गार करा आणि कागद हलकेच वाकवा. वाकवण्याच्या दिशेला आडवे तडे जातात. मग दुसऱ्या दिशेने वाकवा. वरून शाई चोळून पुसली की ती फक्त तड्यांत उरते. नीट पाहिले तर तड्यांचा क्रमही वाचता येतो, कारण नंतरचा तडा आधीच्या तड्यापाशी येऊन बहुधा काटकोनात थांबतो.

४. बाटिकशी असलेले नाते

तड्यांचे नाव निघाले की बाटिक आठवणारच. जावा बेटावर कापडाला मेण लावून रंगवण्याची ही कला इतकी रुजलेली आहे की 2009 मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. रवींद्रनाथ ठाकूर 1927 साली जावाला गेले, आणि शांतिनिकेतनात बाटिक रुजण्यामागे त्या संबंधाचाही वाटा आहे. बाटिकमध्ये मेण लावलेल्या जागी रंग शिरत नाही. मधमाश्यांचे मेण लवचीक असल्याने कापडाला चिकटून राहते, पॅराफिन ठिसूळ असल्याने तडकते. म्हणून तडे किती हवेत त्यावर दोहोंचे प्रमाण ठरवतात.

तिथे मेण कापडावर बसते आणि शेवटी धुऊन काढले जाते. इथे मेण कापडाला शिवतही नाही. त्याचे फक्त रूप उचलायचे आहे.

५. स्कॅनर काय पाहतो?

मोबाइलने फोटो काढला तर चालणार नाही का, असे कोणी विचारील. चालेल, पण चित्र वेगळे येईल, आणि ते का हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत रसेल कर्श यांच्या गटाने 1957 साली संगणकाला जोडलेला पहिला स्कॅनर तयार केला आणि त्यावर कर्श यांच्या तान्ह्या मुलाचा फोटो चढवला. ते चित्र 176 गुणिले 176 ठिपक्यांचे होते. त्यानंतर यंत्रे बदलली, तत्त्व तेच राहिले: चित्राचे बारीक ठिपके पाडायचे आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजायचा. आजच्या सपाट स्कॅनरमध्ये काचेखालून एक पट्टी सरकते. ती एका वेळी फक्त एक अरुंद ओळ पाहते, मग पुढची. कॅमेऱ्याला एका जागेवरून सगळे दिसते, म्हणून जवळचे मोठे आणि लांबचे लहान होते. स्कॅनरची पट्टी मात्र वस्तूच्या प्रत्येक भागाखाली स्वतः जाते. त्यामुळे वस्तूचे माप खरे राहते, आणि ठेवलेल्या वस्तूचा छाप घेतल्यासारखे चित्र येते.

स्कॅनरला खोलवरचे फारसे दिसत नाही. पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये काचेला टेकलेला भाग तेवढा स्वच्छ येतो, जरा वर गेला की धूसर होतो. आत आरसे आणि भिंग असलेले जाड, जुन्या पद्धतीचे स्कॅनर जास्त खोलवर स्पष्ट पाहतात. सपाट कागदासाठी हा फरक नगण्य, मेणाच्या उंचसखल तुकड्यासाठी निर्णायक. पाण्यातले पापुद्रे स्कॅन करायचे असतील तर जुना जाड स्कॅनर मिळवा. धूसरपणाच हवा असेल तर पातळ बरा.

काचेवर आधी पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद पसरा, म्हणजे ओरखडे आणि तेलकट डाग पडणार नाहीत. मेण पूर्ण गार झालेले हवे. झाकण उघडे ठेवून खोलीत अंधार केला तर भुई काळी येते आणि मेणाच्या कडा उजळून दिसतात. वर पांढरा कागद ठेवला तर पातळ भागांतून प्रकाश आरपार जाऊन कागदावरून परत येतो, आणि मेणाची जाडी छटांमध्ये वाचता येते. एकाच तुकड्याचे हे दोन स्कॅन शेजारी ठेवून पाहा. एकाच नक्षीच्या दोन रंगसंगती आपोआप मिळालेल्या असतात. पट्टी सरकत असताना तुकडा तिच्याच दिशेने हलवला तर आकार ताणला जातो, उलट दिशेने हलवला तर आखडतो. पातळ स्कॅनर लाल, हिरवा आणि निळा दिवा पाळीपाळीने लावतात, म्हणून हलत्या वस्तूच्या कडेला रंगीत झालरही उमटते.

६. किती ठिपके लागतील?

इथे थोडे गणित आहे, पण गुणाकारापलीकडे काही नाही. स्कॅनर एका इंचात किती ठिपके पाडतो त्याला डीपीआय म्हणतात. समजा मेणाचा तुकडा 4 सेंटिमीटरचा आहे आणि कापडावर तो 40 सेंटिमीटरचा हवा आहे. म्हणजे 10 पट. कापडावर छापताना इंचाला 150 ठिपके बहुधा पुरतात, कारण धाग्यांची वीणच त्याहून बारीक तपशील गिळून टाकते. 150 गुणिले 10 म्हणजे 1500. तर हा तुकडा किमान 1500 डीपीआयवर स्कॅन करायचा.

उलट, सगळी काच उगाच मोठ्या आकड्यावर स्कॅन करू नका. ए-फोर आकाराचे चित्र 1200 डीपीआयवर घेतले तर सुमारे 14 कोटी ठिपके होतात आणि रंगीत फाइल 400 एमबीच्या वर जाते. त्याच आकड्यावर 4 सेंटिमीटरचा चौकोन घेतला तर 11 एमबीच्या आत काम होते.

७. निवड

खरी नक्षी या टप्प्यावर जन्मते. काळ्या कार्डाला 3 सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा आणि ती मेणाच्या तुकड्यावरून हळूहळू फिरवा. बहुतेक जागा काही सांगत नाहीत. मग एखाद्या जागी आकार चौकटीच्या बाहेर धावू पाहतो, गर्दी आणि मोकळीक यांचा तोल जमतो. ती जागा धरा. संगणकावर सरळ मोठे चित्र उघडून कापाकापी करण्यापेक्षा हे आधी हाताने करावे, असा माझा आग्रह आहे. पडद्यावर सगळेच सुंदर दिसते आणि निवड ढिली पडते.

८. रिपीट

कापड मीटरने छापले जाते, म्हणून नक्षीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा यावा लागतो. छापखान्यात याला रिपीट म्हणतात. घरातली नक्षीदार फरशी आठवा. प्रत्येक फरशी तीच, पण शेजारच्या फरशीशी कडा जुळल्या तरच वेल अखंड वाटतो. मेणाच्या स्कॅनच्या कडा जुळलेल्या नसतात, त्या जुळवाव्या लागतात. समजा चित्र 1000 गुणिले 1000 ठिपक्यांचे आहे. ते दोन्ही दिशांना 500 ठिपके सरकवा, बाहेर गेलेला भाग उलट बाजूने आत घ्या. आता बाहेरच्या कडा आपोआप जुळल्या आणि न जुळणारी फुली मधोमध आली. मेणाच्याच दुसऱ्या जागेचे तुकडे त्यावर बसवून ती मिटवायची.

पुढचा उभा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकवला तर त्याला हाफ ड्रॉप म्हणतात. त्याने आडवे पट्टे दिसणे बरेच टळते.

तिसरी सोपी युक्ती आरशाची: चित्र उलटे करून शेजारी लावायचे. कडा विनासायास जुळतात, म्हणून नवशिके लगेच तिकडे वळतात. मी ती टाळायला सांगतो. डावी-उजवी सारखी दिसताच आपला डोळा तिथे चेहरे शोधतो आणि मेणाचे मेणपण हरवते. फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी 2010 च्या वसंत ऋतूसाठी केलेल्या 'प्लेटोज अटलांटिस' या संग्रहात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेसारख्या डिजिटल छपाया आरशासारख्या दुभंगून वापरल्या होत्या. तिथे ते शोभले, कारण नक्षीचा मधला आस पोशाखाच्या मध्यावर नेमका आणला होता, आणि माणसाचे शरीर स्वतःच दोन्हीकडे सारखे असते. मीटरने विकल्या जाणाऱ्या कापडाला असा मध्य नसतो.

९. छापायचे की विणायचे?

गोल फिरणाऱ्या जाळीच्या छपाईत, म्हणजे रोटरी प्रिंटिंगमध्ये, जाळीचा परीघ सहसा 64 सेंटिमीटर असतो. रिपीटची उंची त्यात पूर्ण पटीत बसली पाहिजे: 64, 32, 21.3 किंवा 16. तुमची नक्षी 25 सेंटिमीटरची असेल तर ती 21.3 वर आणा किंवा 32 पर्यंत वाढवा. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. मेणाच्या शेकडो छटा पाच-सहा रंगांवर आणताना कोणती छटा सोडायची हे तुम्ही ठरवा, संगणकावर सोपवू नका. डिजिटल छपाईत ही दोन्ही बंधने नाहीत. तिथे पाहायचे ते शाईचे: सुती कापडाला रिॲक्टिव्ह, पॉलिएस्टरला डिस्पर्स.

विणायचे असेल तर हिशेब बदलतो. जॅकार्डमध्ये, म्हणजे उभे धागे सुटे सुटे उचलून नक्षी विणणाऱ्या मागावर, चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. सेंटिमीटरला 40 उभे आणि 24 आडवे धागे असतील, तर 12 सेंटिमीटरच्या चौकोनी नक्षीला 480 गुणिले 288 ठिपके लागतात. पडद्यावर चित्र आडवे ताणलेले दिसते, कापडावर ते चौकोनी येते. मेणाची धूसर उजळण इथे रंगाने न आणता विणीने आणता येते. आठ धाग्यांच्या सॅटिन विणीत दर आठांपैकी एक उभा धागा वर ठेवण्यापासून सात वर ठेवण्यापर्यंत सात पायऱ्या मिळतात. उभा धागा काळा आणि आडवा पांढरा घेतला तर सात छटा झाल्या. पैठणीच्या पदरासाठी मात्र हे मूळ फारसे कामाचे नाही. तिथे प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून हाताने भरतात, म्हणून नक्षीला ठाम कडा हव्या असतात. तड्यांची जाळी तिथे चालेल, पाण्यातले पापुद्रे चालणार नाहीत.

नमुना नेहमी खऱ्या मापात छापून भिंतीवर टांगा, दोन-तीन मीटर मागे जा आणि पाहा. पडद्यावर न दिसलेला एखादा ठळक तडा दर रिपीटला डोळ्यात भरू लागतो. साडेपाच मीटरच्या साडीवर 21.3 सेंटिमीटरचा रिपीट एका रांगेत जवळपास 26 वेळा येतो, आणि तो तडाही 26 वेळा. असा तडा एक तर शेजारच्या मेणाने बुजवा, किंवा रिपीट थेट 64 सेंटिमीटरचा करा. तेव्हा तो त्याच लांबीत आठ-नऊ वेळाच दिसेल, आणि बाकीच्या जागेत मेणाचे आणखी तुकडे बसवायला मोकळीक मिळेल.